वाटीच्या पुढचं पाणी

४ मार्च

ओळंब्या,

अक्षर वाकडं दिसलं तर दचकू नकोस. पलंगावर आडवा पडून, पाटीवर कागद ठेवून लिहितोय. डावा पाय दोन उशांवर चढवलाय, एखाद्या बड्या साहेबासारखा. बावीस वर्षं लोकांच्या घरांत गुडघे टेकून काढली. आता गुडघाच म्हणतो, मी नाही टेकणार.

झालं असं. मंगळवारी नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ग्रॅनाइटच्या लाद्या चढवायच्या होत्या. मालाची लिफ्ट बंद. तीन आठवडे बंदच आहे, दारावर चिठ्ठी आहे, ‘तपासणी बाकी’. मुकादम म्हणाला, “लिफ्टची वाट बघत बसलो तर पाहुणे येतील आणि आपण त्यांच्या पायाखाली फरशी सरकवत बसू.” मग जिन्याने. एक लादी, दोन माणसं. जोडीदार वर, मी खाली. दुसऱ्या वळणावर त्याचा हात सुटला. लादी माझ्यावर आली, मी अंग वळवलं, पण पाय होता तिथेच रुतून राहिला. गुडघ्याच्या आत ‘कट’ असा आवाज आला. दुसऱ्या कुणाला आला नसेल, मला आला. लादी मात्र वाचली, बरं का. मुकादमाने आधी तीच तपासली.

तासाभरात गुडघा असा फुगला की वाटी कुठे आहे ते सापडेना. पॅन्ट कात्रीने कापावी लागली. सरकारी दवाखान्यातली हाडांची डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढी. तिने एका हाताने मांडीकडून दाब दिला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वाटी टिचकी मारल्यासारखी दाबली. वाटी खाली गेली, टेकली, परत वर आली. हौदात लाकडाची फळी दाबावी तशी. “काका, आत पुष्कळ साचलंय,” म्हणाली आणि सुई काढली. मला वाटलं पाणी निघेल. निघालं ते लाल. चांगली मोठी सिरिंज भरून.

मी म्हटलं, “बाई, लोकांच्या गुडघ्यात पाणी होतं, माझ्यात रक्त कसं?”

ती हसली. म्हणाली, “काका, चमचाभर पाणी सगळ्यांच्याच सांध्यात असतं, वंगणासारखं. आत काही दुखावलं की सांध्याचं अस्तर घाबरून जास्त पाणी सोडायला लागतं. ते फिकट पिवळं असतं आणि हळूहळू साचतं, एका दिवसात, दोन दिवसांत. तुमचा गुडघा तासाभरात फुगला आणि आतून रक्त आलं. म्हणजे काहीतरी ताजं फाटलंय.” एमआरआय सांगितलाय. ऑपरेशन लागेल असा तिचा अंदाज आहे.

आता कामाचं. अपघाताचे कागद मुख्य कचेरीत तुझ्याच टेबलावरून जातात. कामावरची इजा ठरली तर ऑपरेशन कंपनी करते आणि पुढे बसून करायचं काम देते, असा नियम आहे म्हणे. नाही ठरली तर ‘कामास अयोग्य’ असा शिक्का मारून घरी बसवतात. मला शिक्का नको. तू तिथे आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

थोरलीला सांग, तिची धाकटी बहीण माझ्यावर ओरडण्यात आता तिच्याही पुढे गेलीय. दोघी रोज फोनवर बोलतात, पण त्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत येईतो निरोपाचा चेहराच बदलतो. म्हणून हे आपलं आपण.

तुझा साडू,
गुण्या


११ मार्च

गुण्या, लेका,

तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही. थोरली तर रडलीच. वस्तादांच्या हाताखाली आपण दोघं शिकलो. तुझे कोपरे काटकोनात येतात म्हणून तू गुण्या, आणि मी दोरीला टांगल्यासारखा लांबच लांब म्हणून ओळंबा. तेव्हापासून तुझ्या पायात काटा गेला तरी मला कळलंय. आणि नशीब बघ, दोघांना सासरही एकच मिळालं. आता तर पायच गेलाय म्हणतोस. जात नाही कुठे. मी आहे.

कागद माझ्याकडे आले आहेत. काळजी सोड. फक्त एक कर. सगळं मला तुझ्या हाताने सविस्तर लिहून पाठव. कसं झालं, कधी सूज आली, डॉक्टर काय म्हणाली. आणि त्या गुडघ्याला पूर्वी कधी काही झालं असेल तर तेही लिही. लपवू नकोस. नंतर दुसऱ्याकडून निघालं तर मी तुझी बाजू घेतलेली असेन आणि तोंडघशी पडेन. हे पत्र फाइलसाठी नाही, फक्त मला सगळं नीट माहीत असावं म्हणून. फॉर्म मी माझ्या भाषेत भरीन. ऑफिसात पाठवू नकोस, तिथे भिंतींना कान आहेत. घरच्या पत्त्यावर टाक. फोनही नको.

आणि लिफ्टबद्दल कुणाशी बोलू नकोस. तो विषय वेगळा आहे, त्यात तुझं काम अडकेल.

थोरली नी-कॅप पाठवतेय. घालायची का ते डॉक्टरला विचारून मगच ठरव.

तुझाच,
ओळंबा


१७ मार्च

ओळंब्या,

नी-कॅप पोचली. डॉक्टरीणबाईने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, “छान आहे, कपाटात ठेवा.” थोरलीला हे सांगू नकोस.

एमआरआय झाला. आतला एक दोर तुटलाय, लिगामेंट म्हणतात तो, आणि दोन हाडांमधली गादी एका बाजूने फाटलीय. पाणी पुन्हा भरलं होतं, पुन्हा काढलं. या वेळी लाल कमी आणि पिवळं जास्त. मी खूश झालो, म्हटलं, आता संपलं. ती म्हणाली, “काका, पाणी काढलं म्हणजे दुखणं काढलं असं नाही. घरात कुणी ओरडतंय म्हणून त्याच्या तोंडावर हात ठेवला तर आग विझते का? गुडघा ओरडतोय, एवढंच. आत आहे ते दुरुस्त करावं लागेल.” पोरगी बोलते मात्र चोख.

आता तू मागितलंस ते. अपघात मागच्या पत्रात लिहिला तसाच, पुन्हा काय उगाळू. पूर्वीचं म्हणशील तर एकच. ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण लिही म्हणालास म्हणून लिहितो. सहा वर्षांपूर्वी तुमच्या घरी रविवारी तुमच्या मोरीची फरशी बसवत असताना सिमेंटच्या राबडीवरून घसरलो आणि डावा गुडघा उंबऱ्याच्या कडेवर आपटला. दुसऱ्या दिवशी वाटीवर लिंबाएवढी सूज आली. दवाखान्यात सुईने पाणी काढलं, पिवळसर होतं. तीन आठवड्यांत बरा झालो आणि त्यानंतर सहा वर्षं त्याच गुडघ्यावर किती हजार फूट फरशी बसवली त्याला गणती नाही.

तेव्हा दवाखान्यात मी ‘माझ्याच घरी पडलो’ असं सांगितलं होतं. कंपनीचं कटर मशीन तू न विचारता घरी आणलं होतंस, ते बाहेर येऊ नये म्हणून. हे कुणाला बोललो नव्हतो, धाकटीलासुद्धा नाही. तुलाच लिहितोय.

लिफ्टचं कुणाशी बोललो नाही. पण लिफ्टवाला म्हणतो, तपासणी जानेवारीतच व्हायला हवी होती, कुणीतरी कागद पुढे सरकवलाच नाही. असो. तू गप्प बस म्हणालास, मी गप्प आहे.

गुण्या


२५ मार्च

प्रिय गुण्या,

पत्र मिळालं. सगळं नीट समजलं. योग्य तिथे योग्य ते होईल, धीर धर. इथे वर्षअखेरीच्या कामाचा डोंगर आहे, म्हणून दोनच ओळी. धाकटीला आशीर्वाद.

ओळंबा


२८ एप्रिल

ओळंब्या,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. म्हटलं कामात असशील. परवा कंपनीचं पत्र आलं. तुला माहीत असेलच, तरी लिहितो, कारण मला त्यातलं एक कोडं उलगडत नाही.

पत्रात आहे की गुडघ्याची इजा जुनी आहे, घरी झालेली आहे आणि कामाशी तिचा संबंध नाही. म्हणून ऑपरेशनची जबाबदारी कंपनीची नाही. बसून करायचं कामही नाही. तीस जूनपासून मी ‘कामास अयोग्य’. ‘आधार: कामगाराचे स्वहस्ताक्षरातील निवेदन.’ आणि मागे छायाप्रत जोडलेली.

धाकटीने ती प्रत आधी बघितली. म्हणाली, “अहो, हे तर तुमचं अक्षर.”

माझंच आहे. सतरा मार्चचं. तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकलेलं. ‘सहा वर्षांपूर्वी’पासूनच्या तीन-चार ओळीच आहेत, त्यांखाली लाल पेनने रेघ. तुझी कुणीतरी मोठी फसवणूक केलीय, ओळंब्या. फॉर्म भरायला म्हणून ते पत्र तू ऑफिसात नेलं असशील आणि कुणीतरी तुझ्या खणातून उचललं. खण उघडा ठेवू नकोस असं मी तुला पहिल्यापासून सांगतोय. आधी तू सांभाळून राहा. उद्या तुझ्यावरही काहीतरी आणतील.

पण कोडं हे. त्या प्रतीत ‘सहा वर्षांपूर्वी’ नंतर जागा कोरी आहे. मग ‘रविवारी’. पुन्हा कोरी, आणि मग ‘मोरीची फरशी बसवत असताना’. कागदाच्या पट्ट्या ठेवून प्रत काढलीय, कडा दिसतात. झाकलेले शब्द मला पाठ आहेत. ‘तुमच्या घरी’ आणि ‘तुमच्या’. त्यापुढच्या ‘सहा वर्षं त्याच गुडघ्यावर’ वगैरे ओळीही गेल्यात. ज्याने माझं पत्र चोरलं, त्याला तुझं घर झाकायची काय गरज पडली?

दोन दिवस यावर विचार करतोय. मला जे सुचतंय ते लिहायला हात धजत नाही. तूच सांग.

गुण्या


५ मे

प्रिय गुण्या,

तुझं पत्र वाचून मीच हादरलो. तू म्हणतोस तसंच झालं असणार. पत्र मी खणात ठेवलं होतं, मधल्या सुट्टीत कुणीतरी उचललं. इथले लोक कसे आहेत ते तुला काय सांगू. माझं नाव त्यात येऊ नये म्हणून मोठ्या साहेबांनीच ते शब्द झाकायला सांगितले असतील. माझ्यावर त्यांचा लोभ आहे.

जे झालं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अपील वगैरेच्या भानगडीत पडू नकोस, वर्षानुवर्षं चालतं आणि हाती काही लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका शाळेत रखवालदाराची जागा निघणार आहे. खुर्ची असते, सावली असते. मी शब्द टाकतो. गुडघ्याचं म्हणशील तर माझ्या ओळखीत एकाला पाच वर्षं पाणी होतं, पट्टा बांधून चालतो, मजेत आहे. ऑपरेशन केलंच पाहिजे असं काही नाही.

थोरली आठवण काढते.

तुझा,
ओळंबा


१९ मे

ओळंबा,

काल मी कंपनीच्या इथल्या शाखेत गेलो होतो. कुबड्यांवर. डॉक्टरीणबाई म्हणाली, “अपील करा. तुमच्या फाइलमध्ये काय आहे ते बघायचा तुम्हाला हक्क आहे, मागून घ्या.” मागितली. क्लार्कने तासभर बसवून ठेवलं आणि मग फाइल पुढ्यात टाकली.

पहिल्या पानावर टिपण आहे. ‘कामगाराकडून त्याच्या हस्ताक्षरात माहिती मिळवली असून ती सोबत जोडली आहे. इजा जुनी व घरगुती असल्याचे त्यावरून स्पष्ट होते. दावा नामंजूर करावा.’ तारीख वीस मार्च. खाली सही नसती तरी चाललं असतं. ‘ळ’ला तशी शेपटी दुसरं कुणी काढत नाही. वस्ताद त्या शेपटीवरून तुला चिडवायचे.

पंचवीस मार्चला तू मला लिहिलंस, धीर धर. म्हणजे माझा पाय कापून पाच दिवस झाले होते आणि तू वर फुंकर घालत होतास.

‘माहिती मिळवली’. मिळवली! मी काय तुझा चोर होतो? मी तुला पत्र लिहिलं होतं. धाकटीला न सांगितलेलं लिहिलं होतं. तू विचारलंस म्हणून लिहिलं, तुझ्यासाठी सहा वर्षं पोटात ठेवलेलं तुझ्याच हातात दिलं, आणि त्याच्यावर तू कागदाच्या पट्ट्या ठेवल्यास. पट्ट्या कापायला बसला असशील ना कुठेतरी? घरी, जेवणाच्या टेबलावर? थोरलीची कात्री घेतलीस का?

त्याच फाइलमध्ये लिफ्टच्या तपासणीच्या पत्रव्यवहाराची प्रत आहे. चुकून लागलीय की कुणी मुद्दाम लावलीय, माहीत नाही. दहा जानेवारीला लिफ्ट कंपनीने विचारलंय, तपासणीसाठी माणूस कधी पाठवू? वीस जानेवारीला पुन्हा. फेब्रुवारीत पुन्हा. तिन्ही पत्रं तुझ्या नावावर. उत्तर एकालाही नाही. तेव्हा कळलं लिफ्टचा विषय वेगळा का होता.

वस्तादांनी तुला ओळंबा म्हटलं ते उंचीवरून, सरळपणावरून नव्हे, हे मला समजायला इतकी वर्षं लागली. केसाने गळा कापलास.

मी अपील केलंय. सुनावणी चौदा जूनला आहे.


२६ मे

गुण्या,

कशी सुरुवात करू कळत नाही. चार कागद फाडले.

होय, मी केलं. मी घाबरलो. लिफ्टची ती पत्रं माझ्याकडून राहून गेली. राहून गेली म्हणजे टेबलावर ढिगाखाली दबली, मी टाळत गेलो आणि मग उशीर इतका झाला की वर सांगायचं धाडस होईना. तेवढ्यात तुझा अपघात. तो कामावरचा ठरला असता तर चौकशी झाली असती, लिफ्ट बंद का होती हे निघालं असतं आणि माझी नोकरी गेली असती. मला चोपन्नावं चाललंय. फरशीची कामं सोडून आठ वर्षं झाली. मला आता कुणी थापीही हातात देणार नाही. मोठे साहेब म्हणाले, “हा तुमचा नातेवाईक ना? मग त्याच्याकडून काही जुनं निघतं का बघा, म्हणजे विषयच संपेल.” मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो.

‘नाही म्हणालो’ असं वर लिहिलंय, ते चुकीचं आहे. मी हो म्हणालो. एवढं तरी खरं लिहितो.

मला वाटलं होतं, तुला दुसरं काम लावून देईन, ऑपरेशनचं काहीतरी बघीन, हळूहळू सगळं भरून काढीन. रखवालदाराची ती जागा खरी आहे.

आता हात जोडून एक मागतो. सुनावणीत माझ्या घराचं काढू नकोस. लिफ्टचंही. आणि तुझ्या भल्याचंच सांगतो, सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात तू ‘माझ्याच घरी पडलो’ असं लिहून दिलंयस. ते नोंदलेलं आहे. आता फिरवलंस तर खोटा तूच ठरशील. दुसरं काय ते सांग, तेवढं मात्र सोड.

थोरलीला यातलं काही माहीत नाही. तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. दोघी बहिणी आहेत.

मी तुझा कोण राहिलो, कळत नाही.

ओळंबा


२१ जून

महाशय,

आपलं सव्वीस मेचं पत्र मिळालं. उत्तर सुनावणीनंतर द्यायचं ठरवलं होतं, ते देत आहे.

चौदा तारखेला शाखेच्या वरच्या खोलीत तीन जण बसले होते. मधल्या बाई निवृत्त कामगार अधिकारी. कंपनीच्या वकिलाने माझ्या पत्राची प्रत पुढे केली आणि म्हणाला, “कामगाराने स्वतःच कबूल केलंय. याच गुडघ्यातून पूर्वीही पाणी काढलं होतं. हे जुनंच दुखणं आहे.” ऐकायला बरोबर वाटतं. मलाच क्षणभर वाटलं.

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. रजा टाकून, दवाखान्याची दोन्ही वेळची नोंदवही घेऊन. त्यांनी कोरा कागद मागितला आणि गुडघा काढला. वाटीच्या पुढे, कातडीखाली, एक लहानशी पिशवी. “गुडघे टेकून काम करणाऱ्यांची ही पिशवी सुजते. आपटली तरी सुजते. सहा वर्षांपूर्वी पाणी काढलं ते इथलं, आणि नोंदीतही ‘वाटीच्या पुढे’ असंच लिहिलंय. फिकट पिवळं.” मग त्यांनी वाटीच्या मागे पेन टेकवलं. “सांधा हा. मार्चमध्ये काढलं ते यातलं. इजेनंतर तासाभरात भरलेलं, रक्ताचं. या दोन जागांमध्ये भिंत आहे. पुढच्या खोलीत सहा वर्षांपूर्वी पाणी सांडलं होतं म्हणून मागच्या खोलीतलं छप्पर आज कोसळलं, असं म्हणता येणार नाही.”

वकिलाने एक-दोन प्रश्न विचारले. त्यांनी तितक्याच शांतपणे उत्तरं दिली. मग तो खाली बसला.

मी निघायच्या तयारीत होतो. मधल्या बाई म्हणाल्या, “थांबा. या प्रतीत शब्द झाकले आहेत. काय होते?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. आपलं पत्र माझ्या खिशात होतं. मी ते बाहेर काढलं नाही, एवढं आपल्याला सांगतो. पण विचारलेल्याचं उत्तर दिलं. म्हणालो, “‘तुमच्या घरी’ होते. मी कंपनीच्या मुख्य कचेरीतल्या माझ्या साडूच्या घरी पडलो होतो.”

“मग दवाखान्यात ‘स्वतःच्या घरी’ असं का सांगितलंत?”

“खोटं सांगितलं. त्यांना त्रास होऊ नये म्हणून.”

“आणि पत्र कुणाला लिहिलं होतं?”

“त्यांनाच.”

बाईंनी चष्मा काढला. मग विचारलं, “लिफ्ट का बंद होती, माहीत आहे?” मी म्हटलं, “फाइलमध्ये तीन पत्रं आहेत, आपणच वाचा.” त्यांनी वाचली.

आपण लिहिलं होतंत तसा मी खोटा ठरलो. माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर, कागदावर. सहा वर्षांपूर्वीचं ते वाक्य बोलताना मला अभिमान वाटला होता. आता ते कागदावर उतरताना मान वर होत नव्हती.

निकाल माझ्या बाजूने लागला. इजा कामावरची. ऑपरेशन कंपनी करेल, त्यानंतर फरशीच्या नमुन्यांच्या विभागात बसून काम. आपल्याबद्दल काय ठरलं ते आपल्याला कळलं असेलच. मला विचारू नका, मी विचारलेलं नाही.

आता आपल्या पत्नीबद्दल. त्यांना काही माहीत नाही, असं आपण लिहिलंत. सहा वर्षांपूर्वी त्या रविवारी माझ्या गुडघ्याला फडक्यात बर्फ बांधून कुणी दिला होता? परवा त्या पिशवी भरून आल्या. धाकटीच्या हातचा चहासुद्धा न घेता माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, “मला सगळं सांगा. एकदाच सांगा, पण सगळं.” मी सांगितलं. आपल्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, “माझी कात्री जागेवर नव्हती, आठवतंय मला.”

त्या आमच्याकडे महिनाभर राहणार आहेत.

ऑपरेशन काल झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, व्यवस्थित झालं. थोडं पाणी अजून साचेल, घाबरू नका, ते ओसरेल. कालपर्यंत मला ओसरणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. रात्रभर पायात जी जड वीट असायची, ती आज सकाळी थोडी हलकी वाटली. दुसरी वीट आहे ती गुडघ्यात नाही, म्हणून तिला सुई लागत नाही.

आणखी एक गोष्ट कळवून थांबतो. भरती करताना फॉर्म भरून घेतात. त्यात ‘संकटकाळी कोणाला कळवावे’ म्हणून दोन रकाने असतात. पहिल्यात धाकटीचं नाव. दुसऱ्यात बावीस वर्षं, प्रत्येक इमारतीच्या कामावर, प्रत्येक फॉर्मवर मी आपलं नाव लिहीत आलो. हात सवयीने तिकडे गेलाही. पहिलं अक्षर लिहिलं गेलं. मग मी पेन उचललं आणि बसून राहिलो. नर्स म्हणाली, “काका, रिकामं सोडता येत नाही.”

आपल्या पत्नीने माझ्या हातातून पेन घेतलं. ते एक अक्षर खोडलं. तिथे स्वतःचं नाव लिहिलं, आणि शेजारच्या नात्याच्या रकान्यात, न थांबता, ‘बहीण’.

आपण भेटायला येऊ नये.

नमुना विभागाचा
एक कामगार